निळ्या ड्रमाखालची शेवंती

लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला आणि आई आणि मी दुसऱ्या मजल्यावरून एकदम सतराव्यावर गेलो. आईने दोन गोष्टी हट्टाने बरोबर आणल्या: शेवंतीची कुंडी आणि पाणी भरायचा निळा ड्रम. नव्या घरात चोवीस तास पाणी. ड्रमावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि नेहमीप्रमाणे मी हरले.

शेवंती पिवळी, गावठी, बटणाएवढ्या फुलांची. चाळीच्या गॅलरीत दर दिवाळीला ती अशी फुलायची की पानं दिसायची नाहीत. मधल्या काळातल्या भाड्याच्या खोलीतही फुलली. टॉवरच्या बाल्कनीत मात्र पहिल्या वर्षी एक कळी नाही. दुसऱ्या वर्षी तेच. झाड हिरवंगार, धष्टपुष्ट आणि कामचुकार. झाडाचाही राग येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. शेणखत घातलं, केळीच्या साली घातल्या, ऑफिसात कुणीतरी सांगितलं म्हणून ताकही पाजलं.

तिसऱ्या वर्षी श्रावणात आई कुंडीजवळ बसून म्हणाली, "हिका हय गमणा नाय. माकाय गमणा नाय. औंदा फुलली तर रवतंय. नाय तर भाऊबीजेक तो इलो की त्याच्याबरोबर गावाक जातंय."

शेवंतीला आणि तिला, दोघींनाही इथे करमत नव्हतं. तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. गावचं घर तोच सांभाळतो. झाडाला विचारून स्वतःचा मुक्काम ठरवणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. वरवर मी हसले, पण आतून टरकले होते. आई बोलते ते करते. ती गेली तर सतराव्या मजल्यावर मी आणि वॉशिंग मशीन.

गणपतीच्या आधी दादरच्या फुलबाजारात गेले. तिथे शेवंतीचे ढीग बघून डोकंच फिरलं. फुलवालीला म्हटलं, "तुमच्याकडे एवढी फुलते, आमच्याकडे काय धाड भरलीय?"

तिने वजन करता करता विचारलं, "ताई, रातीचा उजेड पडतो का तिच्यावर?"

"पडतो ना. मीच ट्यूब लावलीय."

"मग कशी फुलंल? तिला मोठी रात लागती. आमच्याकडं फूल यायचं लांबवायचं असलं की शेतात बल्ब लावत्यात."

मी सुट्टे पैसे घ्यायचे विसरून तिच्याकडे बघत राहिले. राहायला आलो त्याच आठवड्यात आई पहाटे बाल्कनीच्या उंबऱ्याला अडखळली होती, म्हणून मी तिथे ट्यूब लावली होती. ती रात्रभर जळायची. आई वीज फुकट जाते म्हणून बंद करायची, तेव्हा मी स्विचवर चिकटपट्टी मारली. दोन वर्षं खत मी घालत होते आणि फुलं मीच अडवत होते.

घरी येऊन पहिल्यांदा ती पट्टी ओरबाडून काढली आणि आईला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, हसतच सुटली. पण ट्यूब बंद केली तरी समोरच्या टॉवरचे दिवे थेट कुंडीवर येत होते. आईने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "ड्रम हाड." मी ड्रम आणला.

त्या दिवसापासून संध्याकाळी सहाला निळा ड्रम कुंडीवर उपडा आणि सकाळी सातला बाहेर. मी ऑफिसातून फोन करायचे, "झाकलंस का?" ती म्हणायची, "झाकलंय गो. निजली ती." लिफ्टमध्ये नुसत्या हसणाऱ्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाई एकदा विचारायला आल्या की रोज ड्रम सरकवल्याचा आवाज कसला येतो. त्या चहा पिऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सहाला परत आल्या, ड्रम धरायला. पुढे त्यांचा रोजचा चहा आमच्याकडेच होऊ लागला.

दसऱ्याला शेंड्याशी हिरवे मणी दिसले. मी बोट दाखवणार तोच आई ओरडली, "बोट दाखवू नको, कुजतली." मी मूठ वळून दाखवलं.

मणी आले, पण उघडेनात. लक्ष्मीपूजनाला बाजारातून फुलं आणली. आईने ती देवाला वाहिली, पण त्यांचं कौतुक काही केलं नाही. भाऊ गावाहून निघाला होता. आईने पिशवी भरून दाराशी ठेवली, तेव्हा मात्र मला रडू आवरेना. स्वयंपाकघरात जाऊन मी उगाच भांडी घासत बसले.

भाऊबीजेच्या सकाळी मी ड्रम उचलला. चार फुलं पूर्ण उघडली होती आणि बाकीच्या कळ्यांची टोकं पिवळी झाली होती. मला इतका आनंद झाला की ड्रम कवटाळूनच मी आईला हाका मारत घरभर फिरले. समोरच्या बाई धावत आल्या, त्यांना वाटलं आई पडली. आई त्यांना हाताला धरून बाल्कनीत घेऊन गेली आणि जणू स्वतःचं बाळ दाखवावं तसं झाड दाखवू लागली.

त्यातलंच एक फूल ताटात ठेवून मी भावाला ओवाळलं. जेवणं झाली आणि आईने दाराशी ठेवलेली पिशवी उचलली. मी पिशवीचा बंद धरला. म्हटलं, "फुलली की आता. तू शब्द दिला होतास."

"दिलंय तर. पण तुळशीच्या लग्नाक जाऊक नको? पंधरा दिसांनी येतंय." ती चपला घालू लागली. "मागील दारची पांढरी शेवती घेऊन येतंय. बाल्कनीतलो तुझो कपड्यांचो स्टँड थयसून काढ, तिका जागा होयी."

भाऊ माझ्याकडे बघून हसायला लागला. मी ओले कपडे तसेच सोफ्यावर टाकले आणि स्टँड उचलला.