भाचीच्या पाठीशी

साडी चालते आणि मामा चालत नाही, हा कुठला न्याय, असं मी देवाला विचारलं, आणि गोड आवाजात विचारलं नाही. मी चौथीच्या पुढं शिकलेलो नाही, प्रार्थनेला चांगले शब्द लावता येत नाहीत. आमच्या प्रार्थनेच्या मंडळीतली माणसं म्हणतात, देवासमोर नम्रपणे बोलावं. मला ते जमत नाही. थोरल्या भावाशी भांडावं तसा मी त्याच्याशी भांडतो, आणि त्या वैशाखात रोज सकाळी उठून भांडत होतो.

आमचं गाव कशेळ्याच्या पुढं, डोंगराच्या बाजूला. माझी धाकटी बहीण खालापूरकडं दिलेली. तिचा नवरा ऐन उमेदीत गेला, पदरात एकच मुलगी, दर्शना. त्या दिवसांत ही पोर माझ्याकडं वाढली. शेतावर जाताना मी तिला खांद्यावर बसवून न्यायचो. ताप भरला तेव्हा पाठीवर घेऊन कशेळ्याच्या दवाखान्यापर्यंत चालत गेलो. तेव्हा कोणी विचारलं नाही की मामा कुठल्या देवाचा. पुढं माझी बायको छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला लागली. सगळे उपाय झाले, सगळे नवस झाले. मग वरच्या वाडीतली, येशूची प्रार्थना करणारी चार माणसं न बोलावता आली आणि तिच्या उशाशी बसून राहिली. ती उठली, आणि मग कितीतरी वर्षं माझ्या संसाराला पुरली. मी येशूचा झालो. त्यावर लोकांनी माझी अब्रू काढायची तेवढी काढली. गव्हाच्या पोत्यासाठी बाटला म्हणाले. अरे, पोतं कोणी दिलं असतं तर चार दिवस चपात्या तरी खाल्ल्या असत्या. मला तर कोणी रिकामी पिशवीही दिली नाही. मला माझी बायको मिळाली होती, पण ते कुणाच्या हिशोबात बसत नव्हतं.

तर दर्शनाचं लग्न ठरलं, पोशीरला. आमच्याकडं नवरीची पिवळी साडी मामानं घ्यायची, आणि मंगलाष्टकाला मामानंच तिला आणून पाठीमागं उभं राहायचं. मी कर्जतला जाऊन साडी घेतली, बहिणीकडं पोचती केली. पोचली तशी बहिणीचा फोन आला. रडत होती. म्हणाली, "दादा, साडी लय चांगली हाय. पण तू उभा राहू नको रं. थोरले भावजी म्हणतात, पोशीरची माणसं ख्रिस्ती मामा बघून लग्न मोडतील." थोरले भावजी म्हणजे तिचा दीर. तिच्या घरात त्याचाच शब्द चालतो. माझ्या जागी त्यानं आपल्या मेहुण्याला उभं करायचं ठरवून टाकलं होतं.

माझ्या डोक्यात जाळ झाला. साडी मीच घेतलेली, माझ्याच हातानं घडी घातलेली. तिला कोणी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला नव्हता म्हणून ती शुद्ध, आणि मी बाटलेला. रविवारी मंडळीत गेलो, वाटलं आपली माणसं तरी बाजूनं बोलतील. आमचे पाळक, म्हणजे प्रार्थना चालवणारे, तरुण आहेत, चांगले आहेत, पण तेही म्हणाले, बाबा, बरंच झालं की, तो विधी मूर्तिपूजेचा, तुम्ही तिथं उभं राहूच नये, देवानंच तुम्हाला वाचवलं. मी म्हणालो, "माझ्या बहिणीची पोर म्हणजे विधी हाय का?" आणि प्रार्थना अर्धी टाकून उठून आलो. एका बाजूचे म्हणतात तू आमचा राहिला नाहीस, दुसऱ्या बाजूचे म्हणतात तू त्यांच्यात जाऊ नकोस. मग मी उभं राहायचं कुठं? हे मी देवाला विचारलं. तो काही बोलला नाही, त्यामुळं मी आणखीच चिडलो.

लग्नाच्या दिवशी मी ठरवलं, जायचं. उभं राहू देणार नाहीत, नाही तर नाही. पण वऱ्हाडासमोर त्या दिराला चार शब्द असे सुनावायचे की जन्मभर आठवतील. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. कशेळ्याहून जीपनं कर्जतला आलो. चारफाट्यावर खालापूरकडं जाणारी गाडी मिळेना. मुहूर्ताचा दिवस, सगळ्या जीपा लग्नांना गेलेल्या. उन्हात उभा राहून मी देवाला म्हणालो, तू खरा असशील तर आज त्या माणसाची मान खाली घाल. एवढंच मागतो.

तेवढ्यात वऱ्हाडाचा एक टेंपो थांबला. मागं बाया गाणी म्हणत होत्या, पुढं ड्रायव्हरशेजारी माझ्याच वयाची एक म्हातारी, दाताला मिश्री लावत बसलेली. तिनं विचारलं, "कुठं जायाचं, दादा?"

मी म्हणालो, "खालापूरकडं, लग्नाला. पण जेवायला नाय, भांडायला."

"मग बसा लवकर," ती सरकत म्हणाली, "भांडणाला उशीर बरा नाय."

तिच्या त्या बोलण्यानं माझं तोंड उघडलं ते बंदच होईना. दिराचं सांगितलं, मेहुण्याचं सांगितलं, पाळकांचंही सांगितलं. तिनं विचारलं, तुमच्या देवाला लग्नात गेलेलं चालत नाही का? मी म्हणालो, माझा देव स्वतः लग्नाच्या पंगतीत बसलेला आहे, बायबलात तसं लिहिलंय, तिथं कमी पडलं ते त्यानंच पुरवलं. ती मान हलवत राहिली. मग तिनं विचारलं, पोर देतात कुठं?

"पोशीरला. त्या पोशीरवाल्यांना म्हणं माझा इटाळ होतो. एवढी सोवळी माणसं असतील तर घरात बसावं, सोयरिकी कशाला करतात?"

ड्रायव्हरला जोराचा खोकला आला. म्हातारीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समोर रस्त्याकडं बघत राहिली. मी आपला पोशीरच्या सात पिढ्या काढत होतो. रस्त्यावर वऱ्हाडाचे इतके टेंपो होते की हा कुणाचा, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

टेंपो वळला तो थेट माझ्या बहिणीच्या गावात. मांडवाच्या तोंडाशी माझी बहीण आरतीचं ताट घेऊन उभी. कशासाठी, तर नवऱ्याकडच्यांना ओवाळायला. म्हातारी उतरता उतरता म्हणाली, "मी नवऱ्याची आजी. राहिलं असंल तर आता समोरासमोर भांडा."

मी मांडवाच्या मागं, चुलाणांच्या बाजूला जाऊन बसलो. देवा, मी त्याची मान खाली घालायला सांगितली होती, तू माझी घातलीस, असं मनात म्हणत होतो. तेवढ्यात तो दीर आला आणि हलक्या आवाजात म्हणाला की आलात ते बरं केलंत, जेवून जा, फक्त पुढं येऊ नका. माझे जुळवलेले शब्द ओठावर आले. पण आत दर्शना बसली होती, मी घेतलेली पिवळी साडी नेसून. तिच्या लग्नात मी आरडाओरडा केला तर तिची मान खाली जाणार होती. मी शब्द गिळले. आयुष्यात पहिल्यांदा गिळले असतील. आणि म्हणालो, प्रभू, आता तुझं तू बघ, माझ्याच्यानं होत नाही.

भटजींनी पुकारा केला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. दिराचा मेहुणा टोपी नीट करत उठला. पुढच्या खुर्चीवरून ती म्हातारी म्हणाली, "हा मामा नव्हं. मामा माझ्यासंगं टेंपोत आला."

दीर हात जोडून म्हणाला, आजी, ते ख्रिस्ती झालेत, तुमच्या मंडळींना खपणार नाही म्हणून आम्ही बाजूला ठेवलं.

"आमाला इचारलं कुणी?" म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली. "नको म्हणायचं तर आमी म्हणू, आमाला तोंड हाय. वाटभर त्यानं आमाला शिव्या घातल्या. ज्याला भाचीपायी एवढी आग लागती तोच मामा. आणा त्याला."

मी चुलाणामागून उठलो. डोळ्यांत धूर गेला होता, असं मी लोकांना सांगतो. भटजी गंध लावायला आले तेव्हा मी हात आडवा केला. म्हणालो, महाराज, कपाळ माझ्या प्रभूचं आहे, ते सोडून काय सांगाल ते करतो. मांडवात कुजबुज झाली. भटजी घड्याळाकडं बघत म्हणाले, "मुहूर्त टळतोय हो. मुलीला धरायला हात लागतात, ते आहेत ना?"

नंतर पाळक माझ्यावर नाराज झाले, अजून थोडे आहेत. दिरानं चूक झाली असं कधी म्हटलं नाही, आणि माझा राग पुरता गेला असंही मी लिहिणार नाही. ज्यांनी कधी नको म्हटलंच नाही, त्यांच्या नावावर माणसं माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवतात, हे आठवलं की अजून अंग तापतं. आणि मीही त्याच पोशीरवाल्यांना न बघता शिव्या घालत होतो. चारफाट्यावर तो टेंपो कोणी थांबवला, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी मागितलं होतं एक, मिळालं दुसरं, आणि जे मिळालं ते मागायची अक्कल मला नव्हती. त्याबद्दल मी रोज सकाळी त्याचे आभार मानतो, भांडण झाल्यावर.

तर त्या मुहूर्ताला मी दर्शनाला घेऊन आलो, तिच्या पाठीमागं उभा राहिलो, दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. भटजी त्यांची अष्टकं म्हणत होते, मी मनात माझी प्रार्थना म्हणत होतो. ती जरा मागं रेलली, लहानपणी रेलायची तशी, आणि हळूच म्हणाली, "मामा, आला ना तुमी." अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. आता तिनं नवऱ्याकडं पाऊल टाकायचं होतं आणि मामानं हात काढून घ्यायचे होते. एवढं भांडून मिळालेले ते खांदे. मी हात काढून घेतले, आणि तिला त्याच्या हातात दिलं.