बटणावरची काळी पट्टी

गफूरभाई गेल्याचं मला अमरावतीत, एका साखरपुड्याच्या स्टेजवर कळलं. कुणीतरी कानात कुजबुजलं आणि मी, पोटभरू सूत्रसंचालक, सवयीनं माईकवर बोलून गेलो, "जोरदार टाळ्या!" टाळ्या पडल्याही... पाहुण्यांना काय माहीत! गफूरभाई असते तर म्हणाले असते, "वा सायेब, निरोप द्यावा तं असा."

अकोल्यात त्यांचं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान. गणपती, उरूस, भीमजयंती, भागवत सप्ताह, सगळ्यांचा आवाज त्यांच्याच भोंग्यातून. अ‍ॅम्प्लिफायरचं बटण कायम चालू आणि त्यावर काळी चिकटपट्टी. "ढिलं झालंय वाटतं, नवं घ्या की," मी चिडवायचो. ते नुसते हसायचे.

एकदा अकोटजवळच्या गावात सत्कार होता. हारांचे ढीग. "कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत?" असं मी विचारलं. हा प्रश्न उत्तराच्या अपेक्षेनं विचारायचा नसतो. पण फुलमळेवाल्या सुभद्राबाई उठल्या आणि त्यांनी माईकच धरला. "हार आमच्या मळ्यातले. ते स्टेजवर, अन् आमी कावून मांडवाच्या बाहीर? आमची पंगत कावून आखरीले?" पुढच्या खुर्च्यांवरचे बडे जमीनवाले उसळले, "बंद करा थो माईक!" मी गफूरभाईंकडे पाहत गळ्यावरून बोट फिरवलं. ते मांडवाचं कापड न्याहाळत बसले. बाई पुरतं बोलूनच खाली बसल्या. नंतर मी भांडलो तर म्हणतात, "मी माईक भाड्यानं देतो सायेब, तोंडं बंद कराचा ठेका नाई घेत. तुमाले नाई का इतकी वर्सं आयकून राहिलो?"

परवा शोकसभेला त्यांचाच माईक होता, आणि मी अ‍ॅम्प्लिफायरशेजारी. त्यांच्याच मोहल्ल्यातला एक तरुण उठला. "आमाले शिव्या देनाऱ्याईलेबी चाचानं माईक देल्ला. त्याच भोंग्यातून माह्या मायनं थ्या शिव्या आयकल्या. चाचा चांगले होते, पन हे मी माफ नाई करत." सभा चुळबुळली. मागून कुणी फुसफुसलं, "बंद करा हो, मयताचा तरी मान ठेवा!" मलाही तेच वाटलं. गफूरभाईंवरच्या प्रेमापोटीच माझा हात बटणाकडे गेला... आणि पट्टीला अडला.

बटण मुळीच ढिलं नव्हतं. त्यांचाही हात कधीतरी असाच शिवशिवला असणार.

तरुण बोलून बसला. त्याचं चुकलं असं मला अजून म्हणवत नाही, बरोबर होतं असंही नाही. अ‍ॅम्प्लिफायर दुकानात आहे. पट्टीची एक कडा तेवढी उचकटलेली आहे... माझ्या नखानं.