शेंदराखालची गारगोटी

लग्न होऊन धारूरला आले तेव्हा सासरच्या कोनाड्यांत देव असतील, दिवे असतील असं वाटलं होतं. होते दगड. आमचे हे निजामाच्या सरकारी शाळेत उर्दू शिकवत आणि सुटी मिळाली की हातोडी घेऊन बालाघाटाच्या ओढ्यांतून दगड फोडत हिंडत. तपकीर, पत्ते असलं काही व्यसन असतं तर माहेरी सांगता तरी आलं असतं.

पण यांचं नुसतं गोळा करणं नव्हतं. काचेवर रेघ ओढून बघायची, चाकूनं खरवडायचं, भिंग धरून बसायचं. एका जातीच्या पांढऱ्या खड्यावर लिंबू पिळलं की बारीक बुडबुडे येत. गारगोटीवर काही होत नसे. या परीक्षांत माझी लिंबं संपत. पुस्तक नाही, गुरू नाही, सगळं आपल्या डोळ्यांनी पाहून ठरवलेलं. मी कितीही चिडचिड केली तरी त्या नजरेचं मला मनापासून कौतुक होतं. "गारगोटीच्या टोकाला पैलू सहाच," हे सांगत, "मोजून बघ." मी म्हणायची, "तुमीच मोजा, मला भाकरी थापायच्यात."

जवळच्या वाडीत गावविहीर खोदत होते. सुरुंगानं निघालेल्या ढिगात यांना एक पोकळ दगड सापडला आणि तो दाखवायला हे मला मुद्दाम घेऊन गेले. काळ्या दगडाच्या पोटात गारगोटीची बोटाएवढी टोकं दाटीनं उगवली होती, बुडाशी जांभळी झाक. ऊन त्यावर पडलं तेव्हा मीही वाकून बघू लागले. "असा पुन्हा दिसायचा न्हाई," हे म्हणाले. वाडीचे पाटील हसले, "न्या की मास्तर. आमाला काय करायचाय?" दगड जड होता, म्हणून दुसऱ्या दिवशी बैलगाडी आणायचं ठरलं.

त्याच संध्याकाळी विहिरीला पाणी लागलं. सकाळी गाडी घेऊन गेलो तर दगड काठावर उभा, टोकांसकट शेंदूर-तेलानं माखलेला, पुढ्यात नारळ फोडलेला. पाटलांनी हात जोडले, "मास्तर, देव हाय ह्यो. ह्यो निघाला अन् पानी लागलं. आता कसा न्यावा तुमी?"

मला संताप आला. काल दिलेला दगड आज देव? मी यांना बाजूला घेऊन म्हटलं, "मागून घ्या, घासला की शेंदूर निघंल."

"इथल्या बाया कोसावरून पाणी आणत होत्या," हे म्हणाले. "त्यांचा देव मी कसा उचलू?" यांनी दगडाला नमस्कार केला आणि रिकामी गाडी वळवली.

मग दर शनिवारी हे तेल घेऊन वाडीला जाऊ लागले. लोक म्हणत, मास्तर लई भाविक. भाविक कसले! शेंदराला कुठं फट पडलीय का, ते बघत. थरावर थर चढले, देव गरगरीत झाला. यांना एकच घोर होता: आतली टोकं शाबूत असतील, की मोडली असतील? पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी शनिवार चुकला नाही. मी हात धरून न्यायची आणि वाटेत तोच प्रश्न ऐकायची.

एका उन्हाळ्यात निरोप आला, देवानं शेंदराचं कवच टाकलं. बैलगाडी करून धावतपळत पोचलो. पण देव उघडा ठेवायचा नाही म्हणून गुरवानं नवा शेंदूर आधीच चढवला होता. यांचा चेहरा माझ्यानं पाहवेना. गळलेल्या कवचाचे तुकडे नदीत सोडायला टोपलीत भरून ठेवले होते. मी त्यातला एक मोठा तुकडा उचलून उलटा केला. आत खड्डेच खड्डे, तळाशी निमुळते होत गेलेले. मी तो यांच्या हातात दिला.

यांची बोटं एकेका खड्ड्यात शिरून चाचपू लागली. "टोक मोडलं असतं तर इथं आत अडकून राह्यलं असतं," हे म्हणाले. "एकबी मोडलं न्हाई गं!" आणि भर लोकांत माझा नवरा रडला.

मी गुरवाकडे तो तुकडा मागितला. तो म्हणाला, "न्या, मास्तरांयेवढी सेवा कुनी केलीय?"

परतताना गाडीत तुकडा माझ्या मांडीवर होता. हे दमून डुलक्या घेत होते. मी एका खड्ड्यात करंगळी घातली आणि कडेकडेनं फिरवत पैलू मोजले. सहाच होते.