कंसमामांची गाळणी

एक कंस बंद करायचा राहिला म्हणून कंसमामांनी माझा कागद भर वर्गात चुरगाळून खिडकीबाहेर फेकला होता. "जा, घेऊन ये. सरळ कर आणि परत दाखव." खाली चिखल होता. मुलं हसली. त्यांचं ते नाव मुलांनीच ठेवलेलं. कंसांचा सोस आणि दुष्टपणा, दोन्ही त्यांच्यापाशी भरपूर होतं.

नव्वदीच्या अखेरीस नगरजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकवायचे. मूळचे अकोले तालुक्यातले, डोंगरातले. चिडले की गावची बोली बाहेर यायची. शिक्षण संपल्यावर मी त्यांच्याच हाताखाली लागलो. कॉलेजातल्या प्रत्येकाची, अगदी प्रिंटरसारख्या यंत्रांचीही, नोंद कॉम्प्युटरवरच्या एका डिरेक्टरीत असे. पगार, गेटपास, सगळं तिच्यावर चाले. तिच्यातून हवी ती माणसं शोधायची तर प्रोग्रॅमला अटी द्याव्या लागत. प्रत्येक अट कंसात, आणि सगळ्या अटी मिळून एका मोठ्या कंसात. मामा त्याला गाळणी म्हणत.

एकदा मी 'मेकॅनिकल विभागात नसलेले' अशी गाळणी लावली, तर यादीत प्रिंटरही आला. मामांनी सगळ्यांना बोलावून दाखवला. "प्रिंटरला पगार देनार व्हय रे? विभागाचा रकाना रिकामा असला तरी 'नाही' खरंच ठरतं. ज्याच्यापाशी काहीच न्हाई, त्यो पहिला गावतो."

पुढे संस्थेच्या सचिवांचा हुकूम आला : शिक्षक सोडून जे कायम नाहीत, त्यांच्या नोंदी काढा. त्यात लॅबचे शिपाई शिंदेकाका निघाले. त्यांचा 'कायम'चा रकाना ऑफिसने कधी भरलाच नव्हता. काका हात जोडून आले. "सर, लई वर्सं झाली हितं. आता कुठं जाऊ?" मी म्हणालो, "सर, 'रकाना भरलेला हवा' एवढा एक कंस वाढवला तर काका राहतील."

"गाळणी तोंड बघून लिहायची नसती," मामा म्हणाले. "माझा बाप आला तरी न्हाई."

जाण्यापूर्वी काकांनी मामांचा चहाचा कप विसळून जागेवर ठेवला. मामांनी वर पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी शिक्षकांची पाळी आली. मामांनी तीच गाळणी लावली आणि पडद्यावर त्यांचंच नाव आलं. त्यांना कायम करायचं संस्था दर वेळी पुढच्या बैठकीवर ढकलत आली होती; रकाना रिकामाच होता.

"लेका, ह्यात मी हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तू म्हनला हुतास त्यो कंस घालू का?"

"घाला, सर."

त्यांनी घातला. नाव गेलं. मग त्यांनी डिरेक्टरीत शिंदेकाकांचं नाव शोधलं. काहीच आलं नाही. पुन्हा शोधलं. मग वाढवलेला कंस स्वतःच पुसला आणि यादी छापली.

सचिवांनी ती वाचली. "वा, स्वतःलाही काढलंत? मग आम्हाला काही बोलायलाच नको," म्हणत त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी सामान न्यायला आलेल्या मामांना वॉचमनने गेटवर अडवलं. "सर, पाव्हन्यांच्या वहीत नाव लिवा."

गेल्या महिन्यात मामा वारले. दहाव्याला मी त्यांच्या गावी गेलो. त्यांच्या मुलाने मला बाजूला नेलं.

"बाबा खरंच शिकवायला हुते का वो तिथं? मी कॉलेजात इचारायला गेल्तो. ऑफिसातली बाई कॉम्प्युटरवर बघून म्हनली, ह्या नावाचं कुनी नव्हतंच."

"होते," मी म्हणालो. "मी त्यांचा विद्यार्थी."

माझा आवाज चढला असावा. पिंडाशी बसलेली माणसं वळून बघू लागली. मुलगा मात्र हळूच म्हणाला, "मंग तसं कुठंतरी लिवून ठेवा की."