कापसामागची पुस्तकं

यंदा मला सगळ्यांत जास्त आवडलेलं पुस्तक मी पुरं वाचलेलं नाही. वर्षभरात बरीच वाचली. खानावळ चालवणाऱ्या एका बाईच्या आठवणी आवडल्या, कारण त्यात ती कुठंही स्वतःला थोर म्हणवून घेत नाही. विहिरी खोदणाऱ्यांवरचं एक पातळसं पुस्तक आवडलं. पण जीव अडकला तो एका जाड कादंबरीत. दोन बहिणी एकाच घरात राहतात, एक वर, एक खाली, आणि एकमेकींशी बोलत नाहीत. काहून बोलत नाहीत, ते लेखिका शेवटपर्यंत सांगत नाही. मी त्या शेवटाच्या अगदी जवळ आले होते, खूण घालून पुस्तक फळीवर ठेवलं आणि भाऊबीजेला माहेरी नेरला गेले.

परत आले तर बैठकीत कापूस. आमच्याकडे दिवाळीनंतर हे असंच असतं. भाव मनासारखा येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवायचा, आणि घरातल्या माणसांनी उरलेल्या जागेत अंग चोरून राहायचं. गंजी पार छतापर्यंत गेली होती. माझी फळी समोरच्या भिंतीला, म्हणजे गंजीच्या पलीकडे.

"पुस्तकं कुठी हायेत?" मी नवऱ्याला विचारलं.

"मांगं, फळीवर. भाव आला का निघतीन."

भाव काही येईना. नंतरच्या वेचणीचा कापूस आला, तेव्हा तो दाबून बसवायला मला गंजीवर चढवलं, कारण घरात सगळ्यांत हलकी मीच. पदर खोचून मी तुडवत होते आणि मनात त्या बहिणींचा हिशेब मांडत होते. धाकटीनं काही चोरलं असेल का? थोरलीनं तिचं लग्न मोडलं असेल का? संध्याकाळी अंगाला ही खाज सुटायची. खोबरेल चोळत मी नवऱ्याला म्हणायचे, "थोडा कापूस बाजूले करून एक पुस्तक काढून द्या ना." तो म्हणायचा, "एका पुस्तकासाठी गंजी पाडू का? काहून इतकी घाई करून राह्यली?"

घाटंजीला आमच्या वाचनालयाची एक चांगली रीत आहे. थंडीत एका रविवारी सगळे सभासद जमतात. ज्यानं त्यानं वर्षातलं आपलं आवडतं पुस्तक सांगायचं आणि तेच पुस्तक टेबलावर ठेवायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला लगेच घरी नेता येतं. मी रिकाम्या हातानं गेले. बहिणींची गोष्ट सांगितली. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "मग पुस्तक कुठं आहे?"

"कापसामागं आहे," मी म्हटलं.

सगळे हसले. प्रत्येकाच्या घरात काही ना काही कापसामागं होतंच. कोणाची शिलाई मशीन, कोणाचा देव्हारा. मला गाडीवर घेऊन आलेला माझा नवरा मागच्या खुर्चीवर बसला होता. तोही हसला, आणि टाळ्याही वाजवल्या. मला त्या दिवशी त्याचं फार कौतुक वाटलं. आता त्या कौतुकाचीच लाज वाटते.

होळीच्या आसपास भाव आला. टेम्पो दारात लागला, मजुरांनी गठ्ठे बांधून कापूस न्यायला सुरुवात केली. मी चहा करता करता दर थोड्या वेळानं डोकावत होते. समोरची भिंत दिसली, मग फळी दिसली. फळीवर फक्त देवाचं कॅलेंडर आणि बंद पडलेलं घड्याळ होतं.

पुस्तकं खाली होती. आमच्या बैठकीची फरशी ओल धरते, म्हणून कापसाखाली काहीतरी अंथरावं लागतं. खताची रिकामी पोती, जुने पेपर, आणि त्यांच्या मधल्या जागेत माझी पुस्तकं, बांधणी उसवून, पानं पसरून, नीट एकाशेजारी एक. काम मन लावून केलेलं होतं. ओलीनं आणि वजनानं पानं फरशीला चिकटून बसली होती. खानावळवाली बाई दाराजवळ, विहिरी खिडकीखाली. सगळी थंडी मी त्यांच्यावरच नाचले होते.

"ताडपत्री सोयाबीनवर टाकली होती," नवरा म्हणाला. "पाणी येऊन राह्यलं होतं. कापूस ओला झाला असता त मंग?"

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त तू रडली असती."

सासूबाई म्हणाल्या, "वाचलेलीच त होती." मी खराटा आणि खुरपं आणलं. कादंबरीची शेवटची पानं सापडली, पण खरवडताना त्यांचा लगदा झाला.

पुस्तकं गेली याचा राग आहेच. पण हा माणूस चार महिने रोज माझ्या तोंडाकडे बघत "मांगं, फळीवर" म्हणत होता, आणि त्याचा घास एकदाही अडला नाही, ते मला गिळता येत नाही.

त्यालाही काहीतरी टोचलं असावं. गेल्या महिन्यात त्यानं मोबाइलवरून तीच कादंबरी मागवली आणि पार्सल माझ्यासमोर ठेवलं. मी ते न फोडता फळीवर ठेवून दिलं. एकाच घरातली दोन माणसं काहून बोलत नाहीत, एवढंच त्यात वाचायचं राहिलं होतं.