सुडोचाचा

"कुणाच्या हातून झालं हे? एक तरी बोला रं!" चेअरमन टेबल बडवत ओरडत होते, आणि आमच्या मच्छीमार सोसायटीचं एकुलतं एक लिनक्स मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, जाळ्यातल्या माशासारखं आ वासून पडलं होतं. जेटीवर बोटी उभ्या. खलाशांच्या याद्या छापल्याशिवाय बंदर सोडायचं टोकन नाही, टोकनाशिवाय दर्या नाही, आणि हंगाम नुकताच उघडलेला. मी टेबलाखाली शिरून वायरी तपासत होतो. इतक्या बारकाईने मी स्वतःची लग्नपत्रिकाही वाचली नव्हती.

त्या मशीनचे राखणदार सुडोचाचा. कुवेतला बावीस वर्षं सर्व्हर सांभाळून श्रीवर्धनकडच्या आमच्या गावात परतलेले. मशीनवरचे सगळे अधिकार त्यांचे, पण बसायचे साध्या माणसाच्या खात्यात. मोठं काम आलं की आधी ‘सुडो’ लिहायचे, म्हणजे तेवढ्या एका आज्ञेपुरती मालकी. मग हात मांडीवर ठेवायचे, चष्मा पुसायचे आणि लिहिलेली आज्ञा पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचायचे. त्यांनी एंटर दाबेपर्यंत जेटीवरचा ओला बोंबील सुका व्हायचा.

"चाचा, कायमचेच मालक होऊन बसा की," मी म्हणायचो.

"कायमच्या मालकाला भीती राहत न्हाय, दिनू. आन् भीती गेली की हात सुटतो."

लेकीच्या बाळंतपणाला ते पनवेलला निघाले, तेव्हा सुडो वापरायची परवानगी सोसायटीच्या या क्लार्कला, म्हणजे मला, देऊन गेले. मी गावभर सांगितलं, आता भरतीसुद्धा मला विचारून येते. तिसऱ्या दिवशी खलाशांच्या फोटोंचं फोल्डर म्हणालं, परवानगी नाही. मला? मी सुडो लिहिलं, सगळ्यांना सगळं खुलं करणारी आज्ञा इंटरनेटवरून उचलली, आणि फोल्डरचं नाव लिहायच्या ऐवजी नुसती तिरकी रेघ टाकून एंटर मारला. तिरकी रेघ म्हणजे अख्खं मशीन. त्याची सगळी कुलपं एका दमात निघाली आणि खुद्द सुडोच चालेना. दुरुस्तीची चावीसुद्धा मी कुलपांबरोबर दर्यात फेकली होती.

चाचा दुपारच्या एसटीने परतले. पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, याद्या वाचवल्या, सगळं नव्याने घातलं. बोटी दोन दिवस उशिरा सुटल्या. कमिटीने विचारलं, चूक कुणाची? चाचा म्हणाले, "मशीन माझ्या ताब्यात होतं." कमिटीने त्यांना काढून टाकलं. देवमाशाशी कुस्ती खेळल्याचं शपथेवर सांगणारा मी, त्या सभेत माझ्या तोंडून एक खरं वाक्य निघालं नाही. वर चहाचे कप मीच फिरवले. चाचांनी माझ्या हातचा कप घेतला, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढे सात महिने मी त्यांच्या मोहल्ल्याला वळसा घालून घरी गेलो. शेवटी एका सकाळी धीर केला. चाचा ओट्यावर सुपारी सोलत होते.

"चाचा, ती आज्ञा मी चालवली होती."

त्यांनी मान वर केली नाही.

"सुडो लावून कोणी काय चालवलं, ते मशीन लिहून ठेवतं," ते म्हणाले. "त्याच दुपारी वाचलं मी."