कुरुळीचा समुद्रकिनारा

कंपनीतल्या किश्श्यांचं लेथखालच्या लोखंडाच्या किसासारखं आहे. शिफ्ट संपताना झाडून टाका, दुसऱ्या दिवशी तेवढाच पुन्हा साचलेला! त्यातून कंपनीची फुटबॉल टीम असेल आणि ती आमच्यासारखी असेल, तर विचारूच नका. बाकीच्या कंपन्यांच्या काचेच्या कपाटात ढाली आहेत, आमच्याकडे नुसतेच किस्से. मी या टीमचा कॅप्टन. गुणांवर नाही झालो. बॉल माझा होता.

*

आधी आम्ही साधा, बूट घालून खेळायचा फुटबॉल खेळायचो. चाकणच्या एका स्पर्धेत आमच्यावर इतके गोल झाले, की स्कोअर लिहिणारा मधेच चहा पिऊन आला आणि “किती झाले?” म्हणून आम्हालाच विचारायला लागला!

त्याच आठवड्यात कँटीनमध्ये लातूरच्या गजाननने मोबाईलवर एक मॅच लावली. आशियातल्या देशांची बीच सॉकर स्पर्धा चालू होती. वाळू, अनवाणी माणसं, आणि एका बाजूला फक्त पाच खेळाडू.

“पाच?” मी उडालोच. “राव, आपल्यात धड पळणारे पाचच आहेत!”

प्रश्न होता समुद्राचा. तो बाळूदादांनी सोडवला. बाळूदादा कंपनीजवळच्या कुरुळीचे मूळ गावकरी. शेताचे प्लॉट झाले, घरावर मजले चढले, तरी स्टोअरमधली नोकरी काही सोडली नाही. “समुद्र न्हाई, पर वाळू हाय की!” ते म्हणाले. “माझ्या बांधकामाची पडलीय. पसरू या.”

आता आजकाल बांधकामाची वाळू नदीतून नाही, खडीच्या क्रशरमधून येते, हे स्टोअरमधल्या माणसानं विसरावं? आणि क्वालिटीतल्या माणसानं, म्हणजे मी, माल डोळे मिटून पास करावा? तासाभरात सगळ्यांचे तळवे सोलून निघाले.

दुसऱ्या दिवशी पाचही जण लंगडत फर्स्ट शिफ्टला हजर. सेफ्टी ऑफिसरनं आम्हाला रांगेत उभं केलं. एकदम पाच जणांच्या पायांना इजा म्हटल्यावर त्याला घाम फुटला होता.

“कुठल्या मशीनवर झालं हे?”

“बीचवर, सर,” गजानन म्हणाला.

*

पुढे बाळूदादांनी कुठूनशी खरी वाळू आणली. कुठून, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मऊ वाळू मिळाल्यावर मला स्फुरण चढलं. मोबाईलवरचे खेळाडू पाठमोरे हवेत उडतात, डोक्यावरून किक मारतात, आणि मग पाठीवर अलगद पडतात. मीही उडालो. निदान माझा तरी तसा समज होता. व्हिडिओत पाहिलं तर माझे पाय जमिनीवरून निघालेलेच नव्हते, नुसती पाठ खाली गेली! बॉल जागच्या जागी होता. बाळूदादांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, गच्चीवरून ओरडल्या, “अवो, त्यांना उचला, झोपलं का काय ते?”

गजाननने तो व्हिडिओ कंपनीच्या ग्रुपवर टाकला. महिन्याभरात नवीन कामगारांचं सेफ्टी ट्रेनिंग होतं, विषय ‘घसरणे, अडखळणे, पडणे’. ट्रेनर म्हणाला, “तीन वेगवेगळे व्हिडिओ शोधत होतो. यांच्या एकाच व्हिडिओत सगळं आलं!”

*

आता आमच्या गोलकीपरची ओळख करून देतो. सिद्धार्थ. राहायला रहाटणीला, कामाला प्रेस शॉपमध्ये, आणि अजून कॉन्ट्रॅक्टवर. त्याचे वडील पिंपरीतल्या कंपनीतून रिटायर झालेले. त्यांना आम्ही काका म्हणतो. काका बोलतात कमी. पोरगा पहिल्यांदा कामावर निघाला तेव्हा त्याला एवढंच म्हणाले होते, “काम नंतर शिकशील. आधी चार्ज घ्यायला शीक.”

चार्ज म्हणजे काय, तर आमच्याकडे पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. आल्यावर त्याला सगळं सांगायचं. कुठून तेल गळतंय, कुठला बोल्ट ढिला आहे. त्यानं हात लावून बघायचं, मान डोलवायची, मग आपण निघायचं. हे इतकं अंगात मुरलंय, की घरी बायको गॅसवर दूध ठेवून जायला लागली तरी मी विचारतो, “आच किती ठेवलीय?”

तर तळेगाव दाभाड्याला आमची पहिली खरी मॅच झाली. बीच सॉकरमध्ये खेळ न थांबवता माणूस बदलता येतो. एक बाहेर, दुसरा आत, झालं. गजानन दमला. त्याचा बदली खेळाडू आला. आणि दोघं रेषेवर उभे!

“त्यो लांबडा पाय घालालाय, बघ जरा,” गजानन सांगतोय. “डाव्या कोपऱ्यात वाळू लई खोल हाय.” बदली मान डोलावतोय. तेवढ्यात मागे गोल झाला.

रेफरी धावत आला. “अहो, काय चाललंय? मॅच चालू आहे!”

“थांबा सर,” गजानन म्हणाला, “चार्ज देतोय.”

*

ती मॅच आम्ही किती गोलनं हरलो ते सांगत नाही. सिद्धार्थ मात्र डावीकडे उडी, उजवीकडे उडी, तोंडात वाळू, असा शेवटपर्यंत लढला. मॅच संपल्यावर एक निवड करणारे गृहस्थ आले आणि त्याचा नंबर घेऊन गेले. आधी राज्याचं बोलावणं आलं, मग भारताच्या सराव शिबिराचं. आणि एक दिवस फोन आला, की पुढच्या आशियाई स्पर्धेसाठीच्या भारतीय टीममध्ये सिद्धार्थचं नाव आहे. दुसरा गोलकीपर म्हणून.

मी छाती काढून त्या गृहस्थांना भेटलो. “सर, आमच्या टीममधलं काय आवडलं?”

“तुमचा बचाव,” ते म्हणाले. “तो नव्हताच. त्यामुळे पोराला नीट बघता आलं!”

आम्ही तेव्हापासून त्याच्या निवडीला आमचं सांघिक यश म्हणतो.

*

आता रजा! सिद्धार्थ मॅनेजरसमोर उभा, शेजारी कॅप्टन म्हणून मी.

“बीचवर जायचंय? तीन आठवडे?” मॅनेजर म्हणाले. “मला हनिमूनला चार दिवस मिळाले होते!”

समजावून सांगितल्यावर ते उठून उभे राहिले, हात मिळवला, आणि मग हळू आवाजात खरी अडचण सांगितली. परमनंट करायची माणसं याच महिन्यात ठरणार होती. मशीन बंद राहिलं तर वर काय सांगायचं? सिद्धार्थचा चेहरा उतरला. शिवाय दुसरा गोलकीपर म्हणजे कदाचित पूर्ण स्पर्धा बाकावरच. एवढं सगळं पणाला लावून एक मिनिटही वाळूवर उतरायला मिळालं नाही तर?

“मशीन बंद राहणार नाही,” मी म्हणालो. “आम्ही ओव्हरटाइम करून चालवू.” जन्मात पहिल्यांदा मी कॅप्टनसारखं बोललो. बाहेर आल्यावर गजाननने विचारलं, “भाऊ, तुम्हाला प्रेस चालवायला येतो?” येत नव्हता. शिकलो. सिद्धार्थनं जाताना मला चार्ज दिला, प्रत्येक बोल्टला माझा हात लावून घेतला.

*

स्पर्धा सुरू झाली. आम्ही बाळूदादांच्या हॉलमध्ये जमायचो. काका रहाटणीहून इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे. वहिनींनी विचारलं तरी चहा घ्यायचे नाहीत. पहिली मॅच सिद्धार्थ बाकावर. दुसरी बाकावर. कॅमेरा तिकडे वळला की आम्ही ओरडायचो, काका फक्त पुढे वाकायचे.

शेवटची मॅच. आपण एका गोलनं पुढे, थोडीच मिनिटं उरलेली, आणि आपला गोलकीपर पाय धरून खाली बसला. बाकावरून सिद्धार्थ उठला. हॉलमध्ये नुसता कल्लोळ! बाळूदादा माझ्या गळ्यात, गजानन सोफ्यावर उभा.

मग सगळे टीव्हीपुढे सरकलो.

बाहेर जाणाऱ्या गोलकीपरला सिद्धार्थनं अडवलं होतं. तो लंगडत काहीतरी सांगत होता, हातानं दाखवत होता. सिद्धार्थ ऐकत होता. मग तो डाव्या खांबाकडे गेला, हलवून बघितला. उजवा खांब, हलवून बघितला. वाळूत पाय रोवून बघितला. रेफरी शिट्टीवर शिट्टी मारतोय. कॉमेंटेटर भारावून सांगतोय, हा तरुण खेळाडू मैदानाला वंदन करतोय. सिद्धार्थनं गोलकीपरकडे बघून मान डोलावली. तेव्हा कुठे तो बाहेर गेला.

काका पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकून बसले.

“वहिनी,” त्यांनी आत आवाज दिला, “आता चहा चालेल.”